वारुळाचं नाक

माळावर अजून माणसाचं एकही घर उभं नव्हतं, तेव्हाची गोष्ट. एका उंच वारुळात लिंपी नावाची वाळवी गवंडीकाम करायची. भोक दिसलं की लिंपायचं, ही वाळवीची जातच. पण शेंड्यावरची भोकं म्हातारी भुईआत्या कुणाला लिंपू देत नसे.

"आत्या, किती धूळ येते वरून. घर म्हणायचं की चाळणी?"

"ते घराचं नाक आहे, पोरी. हात लावू नकोस."

एका सकाळी आत्याची पाठ वळताच लिंपीने सगळी भोकं लिंपून गुळगुळीत केली. दुपारी ती कौतुक ऐकायला खाली उतरली. आतली गार झुळूक बंद झाली होती. सगळ्यांचं अन्न पिकवणारा बुरशीचा मळा काळा पडला होता. शेकडो वाळव्या तळातून पाणी आणून भिंती भिजवत होत्या आणि भिंती लगेच सुकत होत्या. आत्या निपचित पिल्लांना हलवून बघत होती. लिंपीकडे तिने पाहिलंसुद्धा नाही.

लिंपी धावत शेंड्यावर गेली आणि लिंपण कुरतडू लागली. पण माती उन्हाने दगड झाली होती. लिंपीचं काम पक्कं असतं, असं सगळं वारूळ म्हणायचं. ते खरं होतं.