मालकांच्या हुकमाचे दिंड

"वाफेच्या पाइपातून एक थेंब पाणी गटारात जाता कामा नये. पाइप वाजता कामा नये. कापडावर डाग पडता कामा नये. नागपंचमीपर्यंत जमव, नाहीतर घरी बस!"

मालक भाऊसाहेब सरनोबतांनी हुकूम सोडला आणि मल्हारी फिटरनं कपाळाला हात लावला.

पाइपात वाफ गार होऊन तिचं पाणी होतं आणि ते काढायला जागोजागी तोट्या असतात, हे कापड रंगवायच्या गिरणीत दारावरच्या वॉचमनलाही ठाऊक. पण भाऊसाहेब पडले मालक, त्यांना कोण सांगणार? "मी कोळसा जाळून पाण्याची वाफ करतो आणि हे शहाणे तिचं पाणी करून सोडून देतात," म्हणत त्यांनी सगळ्या तोट्या बंद करून वर लाखेची सीलं ठोकली. दुसऱ्याच दिवशी साठलेलं पाणी पाइपात धडाधड आपटायला लागलं. गुलाबी कापडावर ठिपके उमटले. दोष अर्थातच मल्हारीचा, म्हणून हा हुकूम.

त्याची बायको हौसाबाई गिरणीच्याच कॅन्टीनात स्वयंपाकाला होती.

"गटारात नको, एवढंच म्हणाले न्हवं?" तिनं विचारलं.

"हां. पण नोकरी जातीय गं माझी."

"जात न्हाई. जेवा आधी, मग सांगते काय जोडायचं ते."

नागपंचमीला चिरायचं नाही, तळायचं नाही, तवा ठेवायचा नाही. म्हणून कॅन्टीनात पुरणाचे दिंड उकडायचे आणि बॉयलरची पूजा करून मालकांनी कामगारांच्या पंगतीला बसायचं, ही गिरणीची जुनी रीत. भाऊसाहेबांचा दिंडांवर भारी जीव. त्यांनी पहिला उचलला, तो बोटांतून गळून पानात पडला. दुसऱ्याचा नुसता लगदा.

"हौसाबाई, हे काय?"

"दरसाल मी मधनंमधनं झाकण तिरकं करून त्याला आतनं जमलेलं वाफेचं पाणी काढते, मालक. औंदा तुमचा हुकूम, वाफेचं पाणी सोडायचं न्हाई. काढलं न्हाई. सगळं दिंडांवर पडलं."

पंगतीत कोणी हसलं नाही. सगळे एकदम आपापल्या पानात बघायला लागले.

भाऊसाहेबांचे कान तापले. "मग काय, गटारात सोडू? कोळसा तुझ्या माहेरचा आहे?"

"गटारात कशाला? झाकणावरचं ऊन पाणी मी परत खालच्या पातेल्यात ओतते. पुढचा घाणा लवकर होतो. तुम्ही मात्र बॉयलरची टाकी गार पाण्यानं भरता. तोट्यांचं पाणी तिकडं न्या. गटारात थेंब न्हाई, पाइप गप, कापड साफ, वर कोळसा कमी लागंल. ह्यांनी पाइप जोडून ठेवलाय. तुमची सीलं तेवढी काढायची राहिलीत."

भाऊसाहेबांनी हातातल्या लगद्याकडे पाहिलं, मल्हारीकडे पाहिलं आणि पोट धरून हसत सुटले. सीलं त्यांनी स्वतःच्या हातानं फोडली. मल्हारीची नोकरी राहिली, हौसाबाईला जरीकाठी लुगडं मिळालं, आणि नव्या पाइपावर पाटी लागली : 'भाऊसाहेबांच्या कल्पनेतून'.

"आणखी काय हवं ते माग," भाऊसाहेब म्हणाले.

"पुढचा हुकूम सोडायच्या आधी मला सांगा, मालक," हौसाबाई म्हणाली. "आधी पातेल्यात करून बघू."