दिव्याजवळचं भांडं

गीझर दुरुस्त करणारे पुंडलिक शेवाळे सोसायटीच्या प्रत्येक मीटिंगमध्ये बजावत, "बोअरचं पाणी क्षारांचं आहे, कॉइलवर चुना धरतो." चेअरमन धामणकर हसून उडवून लावत, "पाणी अमृत आहे हो, तुमचे गीझरच फालतू!"

सांगून सांगून शेवाळे एक दिवस गेले. नवव्या दिवशी धामणकर भेटायला आले. गेलेल्याच्या नावाने दिव्याजवळ ठेवलेल्या भांड्यात शेवाळेंच्या पत्नी कुमुदिनीबाई रोज पाणी भरत. ते आटलेलं पाहून धामणकर म्हणाले, "बघा वहिनी, प्यायले. तृप्त झाले."

कुमुदिनीबाईंनी भांडं त्यांच्या हातात दिलं. तळाशी पांढरा थर बसला होता.

"पाणी प्यायले, पण एवढं मागे ठेवलं त्यांनी. मेलेल्या माणसाच्याही घशाखाली जे उतरलं नाही, ते आम्हा जिवंतांना अजून किती दिवस पाजणार, भाऊजी?"