गुलाबी कागदातली रेघ

एकदा एका म्हाताऱ्या सोनाराने प्लॅस्टिकची एक पट्टी दागिन्यासारखी गुलाबी कागदात बांधून दिली. ऐकणारे हसतात. हसून घ्या, मग पुढचं ऐका.

या सोनाराकडे एक शिष्य होता. सहा वर्षं काम शिकत होता. लग्न झालेला, हाताचा चांगला, मनाचा भित्रा. दुकानाचा एक नियम होता, सगळ्याच सोनारांचा असतो: केर बाहेर टाकायचा नाही. कानस चालवताना सोन्याची धूळ उडते, ती डोळ्यांना दिसत नाही. म्हणून झाडलेला केर आणि हात धुतलेलं पाणीसुद्धा साठवायचं. मग झारेकरी येतो आणि ते सगळं धुऊन त्यातलं सोनं काढतो. शिष्याने सहा वर्षांत चिमूटभर केर वाया घालवला नव्हता.

एके सकाळी रुमाल काढताना त्याच्या खिशातून ती पट्टी पडली.

"हे काय रे?" म्हाताऱ्याने विचारलं.

"काही नाही, अण्णा. टाकायची राहिली." शिष्य ओशाळला. "दिवस राहिलेत का ते बघायची पट्टी. कुंदाने पहाटे बघितलं."

"मग?"

"एक रेघ ठळक आली, ती येतेच. दुसरी अगदी फिकट. म्हणाली, अहो, बघा ना, दिसतेय का? मी म्हटलं, एवढीशी रेघ ती काय खरी मानायची."

"आणि ती?"

"तोंड फिरवून कपडे भिजवायला गेली."

"जाणारच. याआधी दोनदा पोर गेलं तिचं, तेव्हा काय म्हणाला होतास?"

शिष्याची मान खाली गेली. "दीड महिन्याचं, एवढंसंच तर होतं, असं म्हणालो."

म्हाताऱ्याने हात पुढे केला.

"अण्णा, हात नका लावू! मुताची पट्टी आहे ती."

"सोन्याला कसला विटाळ? आण इकडे."

त्याने डोळ्याला भिंग लावलं, पट्टी दिव्याखाली धरली, बराच वेळ पाहिली. "आहे रेघ," एवढंच बोलला. मग खणातून गुलाबी कागद काढला आणि नवरीची नथ बांधावी तशी नीट घडी घालून पुडी केली. शिष्याला वाटलं, म्हाताऱ्याचं डोकं फिरलं.

"बघतोस काय? या दोन्ही रेघा सोन्याच्या आहेत. माझी नात प्रयोगशाळेत हेच काम करते. तिने सांगितलं तेव्हा मीही तिला वेड्यात काढलं होतं. सोनं इतकं बारीक करतात, की केसाच्या जाडीत दोन हजार कण शेजारी शेजारी बसावेत. नॅनो म्हणतात त्याला. तेवढं बारीक झालं की सोनं पिवळं राहत नाही, तांबडं दिसतं. पिवळं ते आपल्या तराजूतलं. बारीक झालं म्हणून सोनं कमी होत नाही रे, वेगळं होतं. तोळाभर सोन्याला जे जमत नाही ते त्याला जमतं. पोटातल्या जिवाची चाहूल लघवीत उतरते, आणि हे कण तिला धरून रेघेवर उभे राहतात. चांदी अशीच बारीक करून जखमेच्या पट्टीत घालतात, जखम चिघळू नये म्हणून. उन्हात लावायच्या क्रीममध्ये जस्ताच्या भस्माची भुकटी असते, इतकी बारीक की तोंडावर पांढरी दिसतसुद्धा नाही, आणि ऊन अडवते."

म्हाताऱ्याने पुडी शिष्याच्या तळहातावर ठेवली. आवाज खाली आला.

"पुढे काय होईल ते मला सांगता येत नाही. आजच डॉक्टरांकडे घेऊन जा तिला. पण माझा केर तू सहा वर्षं जपलास. का, तर त्यात न दिसणारं सोनं असेल. आणि बायकोने दिसणारं दाखवलं, ते खिशात कोंबून टाकायला निघालास. ऊठ. घरी जा."

कुंदा दोरीवर कपडे वाळत घालत होती. पुडी पाहून म्हणाली, "हे काय आता? मी काही मागितलं होतं का तुमच्याकडे?" तिने ती उघडली आणि तिथेच थांबली.

"रेघ आहे," तो म्हणाला. "सोन्याची आहे. अण्णांनी भिंगातून पाहिली." मग तो दोरीवरच्या ओल्या साडीचं टोक धरून उभा राहिला. "आधीच्या दोघांना मी एवढंसं म्हणालो. ते एवढंसं नव्हतं, कुंदा."

पहिलं पोर गेल्यापासून दोन वर्षांत ती त्याच्यासमोर रडली नव्हती. त्या दिवशी रडली. मग डोळे पुसून तिने पुडी होत्या त्याच घड्यांवर मिटली, आत नेली आणि लग्नातल्या नथीशेजारी ठेवली.

घरातलं माणूस काही एवढंसं दाखवायला आलं, तर आधी भिंग काढावं. तोंड नंतर उघडावं.