वरवंट्याचा उपाय

डोक्याला मार लागून गेलेली आठवण परत कशी आणायची? इस्पितळावरच्या टीव्ही मालिकेचे निर्माते दिघे यांच्याकडे उत्तर तयार होतं. नायिकेच्या डोक्यात पुन्हा वरवंटा पडेल आणि तिला सगळं आठवेल!

सल्लागार डॉक्टर वृंदा सबनीस म्हणाल्या, "अहो, अशानं माणूस दगावतं. उद्या कुणी घरी करून बघितलं तर?"

"मग आधी का नाही सांगितलंत?" दिघे सगळ्यांसमोर गरजले.

"काल सांगितलं होतं."

"मला काही आठवत नाही!"

वृंदाताईंनी सेटवरचा खराखुरा दगडी वरवंटा उचलला. "आठवत नाही? मग डोकं जरा पुढे करा. उपाय तुमचाच आहे."

वरवंटा लागायच्या आधीच दिघ्यांना सगळं आठवलं.