तळ्याचा मानकरी

एका डोंगरी राज्यात वर राजवाडा होता, त्याखाली मोठे तळे होते आणि तळ्याखाली एक गाव. तळे फार भरले की बांधाचा दरवाजा उघडून पाणी सोडावे लागे. हा मान पिढ्यान्‌पिढ्या एकाच घराण्याचा; दुसऱ्या कोणी दरवाजाला हात लावायचा नाही, अशी रीत होती. त्या घरातला रायाजी आता मानकरी होता. त्याला पाण्यातले काही कळत नसे.

गावात हौसा नावाची बेलदारीण राहत होती. दगड फोडण्यात आणि बांध रचण्यात तिची हयात गेली होती. एका पावसाळ्यात बांधाच्या पायथ्याशी तिला गढूळ पाझर दिसला. आतली माती वाहून चालली आहे, हे तिने ओळखले. आजच दरवाजा उघडा, अशी तिने रायाजीला विनवणी केली. काठोकाठ भरलेले तळे ही आमच्या घराण्याची शोभा आहे, असे म्हणून त्याने तिला हाकलले.

मग ती राजाकडे गेली. राजा उदेभान मनाने वाईट नव्हता. त्याने स्वतः खाली उतरून पाझर पाहिला. हौसाचे खरे आहे, हे त्याला पटले. रायाजीचा मान काढून घ्या, असे ती म्हणाली.

"त्याचा अधिकार जन्माचा आहे," राजा म्हणाला. "लायक नाही म्हणून त्याला काढलं, तर उद्या लोक माझी लायकी विचारतील."

"विचारू देत, महाराज. खाली तीनशे माणसं राहतात."

राजाने रायाजीला हटवले नाही; तळे शांत व्हावे म्हणून त्याची ओटी भरण्याचा हुकूम दिला.

हौसा घरोघर सांगत फिरली. थोडे लोक डोंगरावर गेले. धोका असता तर मानकरी बोलला असता, असे म्हणून बाकीचे राहिले. त्यांत तिची सख्खी बहीण होती. तिसऱ्या दिवशी भरदुपारी बांध फुटला. गाव वाहून गेले, रायाजीही गेला. राजवाड्याची पायरीसुद्धा भिजली नाही.

महिन्याभराने राजाने रायाजीच्या तीन वर्षांच्या मुलाला मानकरी केले; आत्याकडे असल्यामुळे ते वाचले होते. सोहळा चालू असताना ते पोर आत्याच्या खांद्यावर झोपले होते. नंतर राजाने हौसाला बोलावून बांध पुन्हा रचायला सांगितले.

"रचते," ती म्हणाली. "वाचलेली माणसं तिथंच राहणार आहेत. पण महाराज, माझा बाप कोण, हे तुम्ही विचारलं नाहीत. काम येतं का, एवढंच विचारलंत."

हौसा दगड फोडायला गेली.

तात्पर्य: जन्माने गादीवर बसलेला माणूस जन्माने बसलेल्या दुसऱ्याला उठवत नाही, आणि त्यात खालची माणसे मरतात. म्हणून ज्यांचे जीव पणाला लागतात, त्यांनीच अधिकार कोणाच्या हाती द्यायचा ते ठरवावे.