मातीतला अंबाडा

खाडीकाठच्या एका गावात अनसूयाक्का राहत होत्या. नवरीचा अंबाडा घालावा तर त्यांनीच, असा त्यांचा लौकिक. उतारवयात त्यांना एक वेगळाच छंद लागला. प्राचीन रोममधल्या बायका केसांत जे काटे खोचत, ते त्या जमवू लागल्या. त्यांचा भाऊ रघुवीर बोटीवर होता. तो परदेशातल्या बाजारांतून असे काटे शोधून आणी. कधी हाडाचा, कधी हस्तिदंताचा. एकाच्या टोकाला डाळिंब होतं, तर एकाच्या टोकाला बाईचा इवलासा हात.

पण आक्कांच्या मनाला एक रुखरुख होती. वीतभर लांबीचे हे नुसते सरळ काटे. एवढ्यावर त्या बायकांचे उंच अंबाडे कसे तोलले जात? स्वतःच्या केसांवर त्यांनी नाना तऱ्हा करून पाहिल्या. दरवेळी काटा घसरून पडे. हे कोडं सुटल्याशिवाय डोळे मिटू नयेत, असं त्यांना वाटे.

एकदा रघुवीरने कापसात गुंडाळलेलं मातीचं ढेकूळ आणलं.

"आक्का, रोमच्या एका बाईचं जुनं थडगं ढासळलं, त्यातली ही डोक्याभोवतालची माती. केस केव्हाच मातीला मिळाले, पण काटे होते तिथेच आहेत. कुंचल्यानं हळूहळू माती काढ. काटा मात्र हलवू नकोस. तो कुठून शिरला नि कुठे निघाला, तेच तर तुला हवं होतं ना!"

आक्का रोज थोडी थोडी माती काढू लागल्या. हळूहळू काट्यांची डोकी दिसू लागली. त्यातलं एक सोन्याचं होतं.

त्या दुपारी पेढीवाल्या भागीरथीबाई होणाऱ्या सुनेला घेऊन आल्या. लग्नातला अंबाडा ठरवायचा होता. ढेकूळ पाहून त्यांना हसू आलं.

"अगंबाई! हाडं झाली, आता ढेकळं का? जमवायचं तर माणसानं काही सोन्यामोत्याचं जमवावं."

आक्कांना ते झोंबलं. "सोनंच आहे ह्यात."

"मग दाखवा की! मातीतलं सोनं आम्हीही बघू."

आक्कांचा हात क्षणभर थांबला. भावाचे शब्द आठवले. पण भागीरथीबाईंच्या ओठांवरचं हसू काही मावळेना. आक्कांनी सोनेरी डोकं चिमटीत धरलं आणि काटा ओढला. काटा निघाला, आणि त्यासरशी ढेकूळ फुटलं. बाकीचे काटे जाजमावर घरंगळले.

पदराने पुसताच सोनं लखलखलं. भागीरथीबाईंनी तोंडात बोट घातलं. "शंभर नंबरी हो!" आक्कांची मान ताठ झाली.

सून पुढे सरकली. तिने काटा अलगद हातात घेतला आणि भोळेपणाने विचारलं, "आक्का, हा खोचायचा कसा? माझ्या लग्नात घालाल असा अंबाडा?"

आक्कांनी जाजमाकडे पाहिलं. सगळे काटे तिथेच होते. एकही मोडला नव्हता. कोणता कुठे होता, ते मात्र आता कुणालाच सांगता येणार नव्हतं.

"पोरी, मला नाही गं माहीत," आक्का हळू आवाजात म्हणाल्या. "सांगणारी ती माती होती. मीच तिला बोलू दिलं नाही."

तात्पर्य: चार लोकांत मिरवण्याच्या मोहापायी माणूस वस्तू मिळवतो, पण ती ज्यासाठी हवी होती, तेच गमावून बसतो.