कणसे मास्तरांचा कॉम्प्युटर

“मग दोष कुणाचा, बुवा? यंत्राचा की माणसाचा?”

कणसे मास्तरांनी प्रश्न टाकला आणि उत्तर आपल्याला आधीच ठाऊक आहे अशा थाटात मांडी घालून बसले. एकतीस वर्षं मुख्याध्यापकी केलेला माणूस. दुसऱ्या कुठल्या रीतीनं प्रश्न विचारायची त्यांना सवयच नव्हती.

सोनगीरबुवा मठाचं अंगण झाडत होते. त्यांची केरसुणी थांबली नाही.

माळावरच्या या मठात बुवांना येऊन वीस वर्षं झाली होती. त्याआधी ते तालुक्याच्या गावी टाइपरायटर दुरुस्त करायचे. आता ऐंशी गाठली होती आणि सगळ्यांशी अरेतुरे चालायचं, मग समोर मास्तर असो नाहीतर मामलेदार.

“नीट सांग,” बुवा म्हणाले.

मास्तरांनी नीट सांगितलं. दसऱ्यापासून घरचा कॉम्प्युटर रुसून बसला होता. बटण दाबलं की पंखा घरघरायचा, पडद्यावर कंपनीचं चित्र उमटायचं आणि गाडी तिथंच अडायची. दहा मिनिटं बसा नाहीतर तासभर बसा, चित्र काही हलायचं नाही. मास्तरांनी खालचा सीपीयूचा डबा उचलून दोनदा दुकानात नेला. दुकानात तो पहिल्या झटक्यात सुरू झाला. घरी आणून जोडला की पुन्हा तेच चित्र.

“दुकानात चालतो, घरात अडकतो. म्हणजे दोष घरात,” मास्तर म्हणाले. “आणि घरात त्याला हात लावणारे दोघंच. मी आणि सून.”

“अन् तू तर चुकत न्हाईस.”

टोमणा मास्तरांच्या डोक्यावरून गेला. ते पुढे सांगत राहिले.

सून मयूरी दुपारी कॉम्प्युटरवर परीक्षेचा अभ्यास करायची. मुलगा वापीला नोकरीला, महिन्यातून एकदा यायचा. कॉम्प्युटर अडकला तसे मास्तरांनी सुनेला चार शब्द सुनावले. चाराचे चाळीस झाले. ‘तुझ्या हाताला काही टिकत नाही’ इथपर्यंत मजल गेली. ती एका शब्दानं उलटून बोलली नाही. चार वर्षांच्या मुलीचा हात धरला आणि माहेरची एसटी पकडली. आज अकरावा दिवस. मास्तर फोन करायचे तेव्हा नात बोलायची, सून फोनवर यायची नाही.

“मुलगा म्हणतो, ‘अण्णा, तुम्हीच बोलवा तिला.’ मी का बोलवू? बरोबर मी आहे...”

इथे मास्तरांनी मांडी सोडली.

“फक्त घर खायला उठतं, बुवा. दोघी नाहीत तर जेवणसुद्धा जात नाही.”

एवढा वेळ ते तक्रार सांगत होते. दुःख पहिल्यांदाच बोलले.

बुवांनी केरसुणी भिंतीला टेकवली.

“जायच्या आदी सून काय म्हनली?”

“काही नाही.”

“कायतरी म्हनली आसंल.”

“कीबोर्डाबद्दल काहीतरी बोलत होती. ‘अण्णा, ती एक कळ...’ असं काहीतरी. मी म्हटलं, तू हात लावू नकोस.”

“कळंचं काय?”

“पुढचं मी ऐकलं नाही.”

बुवांनी केरसुणी पुन्हा उचलली.

“उद्या समदं घिऊन ये,” ते म्हणाले. “दुकानात न्हेलं न्हवतंस, ते बी.”

दुसऱ्या दिवशी सकाळी मास्तर रिक्षातून सगळं बिऱ्हाड घेऊन आले. डबा, पडदा, कीबोर्ड, माउस, वायरींचं भेंडोळं. मठाच्या ओसरीवर मांडामांड झाली. वायर बोर्डात गेली, बटण दाबलं, पंखा घरघरला.

चित्र आलं... आणि तिथंच राहिलं.

“बघा,” मास्तर म्हणाले, कोर्टात खटला जिंकल्यासारखे.

बुवांनी डब्याकडे पाहिलंसुद्धा नाही. बटण दाबून यंत्र बंद केलं, कीबोर्ड सोडवून मांडीवर घेतला, डोळे मिटले आणि एकेका कळीवरून बोट फिरवत गेले. वरच्या ओळीत, अगदी कोपऱ्यात, बोट थांबलं. तिथली एक कळ खाली गेली होती आणि वर येत नव्हती.

बुवांनी नखानं ती कळ उचकटली. कीबोर्ड पालथा केला आणि तान्ह्या बाळाला ढेकर यावी म्हणून थोपटतात तसा पाठीवर थोपटला.

फरशीवर एक तांदूळ पडला. कुंकवानं लाल झालेला.

“खंडेनवमीला ह्येची पूजा कुणी केली?” बुवांनी विचारलं.

“मी.”

इतक्या हळू आवाजात मास्तरांनी ‘मी’ हा शब्द जन्मात उच्चारला नसेल. पूजा त्यांनी स्वतःच्या हातानं, अगदी साग्रसंगीत केली होती. हळदकुंकू, झेंडू, नारळ. चिमूटभर अक्षतांनी भागलं असतं, त्यांनी मूठभर उधळल्या होत्या.

दुकानदारानं डब्याला स्वतःचा कीबोर्ड जोडला होता. म्हणून तिथं सगळं सुरळीत चाललं. एवढी साधी गोष्ट आता मास्तरांच्या ध्यानात आली, आणि त्यांना आपल्या हुशारीची लाज वाटली.

बुवांनी कळ जागेवर बसवली, कीबोर्ड जोडला, बटण दाबलं. चित्र आलं, चित्र गेलं, आणि पडदाभर नातीचा फोटो उघडला. ती जीभ बाहेर काढून हसत होती. फोटो तिथं मयूरीनंच लावला होता.

मास्तरांचे डोळे भरून आले. त्यांनी ते लपवले नाहीत.

“माझंच चुकलं,” ते म्हणाले आणि खिशातला मोबाइल काढला. “आत्ता फोन लावतो. सांगतो, कॉम्प्युटर दुरुस्त झाला, निघून ये.”

बुवांनी कॉम्प्युटर बंद केला. फरशीवरचा तांदूळ चिमटीत उचलला. तीच कळ पुन्हा उचकटली, तांदूळ तिच्याखाली सारला, अंगठ्यानं कळ घट्ट दाबली आणि कीबोर्ड मास्तरांच्या हातात दिला.

मास्तर बघतच राहिले.

“बुवा, दोष सापडला होता की. परत का अडकवलात?”

“तुला घावला?”

“नाही... तुम्हाला.”

“मला आज घावला. तिला कवाच घावला हुता.”

मास्तरांनी मोबाइल खिशात टाकला. आता फोनवर सांगण्यासारखं काही उरलं नव्हतं. ते गुडघ्यावर हात टेकून उठले. दुपारची एसटी पकडली तर दिवेलागणीच्या आत सुनेच्या माहेरी पोचता येणार होतं.

“जातो,” ते म्हणाले. “चारचौघांत तिची माफी मागतो. आली घरी, तर हा कीबोर्ड तिच्यापुढे ठेवतो. ती म्हणेल तसं.”

बुवांनी मान हलवली.

पायरी उतरता उतरता मास्तर वळले. एवढ्या वर्षांत त्यांनी पहिल्यांदाच उत्तर ठाऊक नसलेला प्रश्न विचारला.

“ती दुरुस्त करत असताना मी काय करू?”

“तिला खुर्ची दे,” बुवा म्हणाले. “अन् तू उभा ऱ्हा.”